घरातल्या वस्तू, खिडकीतला उजेड आणि फोटो : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरच्या घरी, हाताशी असलेल्या सामानातून काही घडवायचं आणि त्यात फोटोला सोबत घ्यायचं, या विषयावर मला पुन्हा पुन्हा तेच प्रश्न विचारले जातात. दर वेळी घाईत अर्धवट सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहून ठेवते आहे. काही उत्तरं लांबली आहेत, कारण तिथे सांगण्यासारखं खरंच खूप आहे.

फोटो ही केलेल्या कामाची नोंद, की फोटो हीच कलाकृती?

हा प्रश्न मुद्दाम पहिला घेतला, कारण बाकीची बहुतेक उत्तरं यावर अवलंबून आहेत.

फोटो तीन प्रकारे कामात येतो. तुम्ही चित्र काढलं, पुठ्ठ्याचं शिल्प केलं आणि त्याचा फोटो घेतला, तर ती नोंद. इथे फोटोने स्वतःकडे लक्ष वेधू नये. चित्र जसं आहे तसं दिसावं. दुसरा प्रकार म्हणजे फक्त फोटोसाठी केलेली रचना. वितळणारा बर्फ, टेबलावर पडलेली सावली, पाण्यावर तरंगणारे तेलाचे थेंब. पाच मिनिटांनी तिथे काहीच उरत नाही. फोटो हेच काम. तिसऱ्या प्रकारात फोटो कच्चा माल असतो. त्याचा प्रिंट काढायचा, तो कापायचा, फाडायचा, त्यावर रंगवायचं, शिवायचं.

छायाचित्रकार आंद्रे केर्तेश यांनी १९२८ साली बशीच्या काठावर टेकवलेल्या काट्याचा फोटो काढला. एक काटा, एक बशी, त्यांच्या सावल्या. त्या काट्यात स्वतःचं असं काही विशेष नव्हतं, पण फोटोतली सावली काट्याइतकीच ठाम आहे. हा दुसरा प्रकार. बर्लिनमध्ये हाना ह्योख यांनी पहिल्या महायुद्धानंतर मासिकांतले फोटो कापून माणसं, यंत्रं आणि अक्षरं एकमेकांत मिसळली. तो तिसरा.

काम सुरू करण्याआधी आपलं काम यातल्या कुठल्या प्रकारात बसतं, ते ठरवा. ठरवलं नाही तर होतं असं की, सुंदर रचना मांडली जाते आणि शेवटी कंटाळून कसातरी एक फोटो मारला जातो. रचना मोडली की हातात काही राहत नाही. माझ्याकडून अनेकदा असं झालं आहे आणि त्या गेलेल्या रचनांची हळहळ अजून वाटते.

सुरुवात कुठल्या वस्तूपासून करू?

एकाच वस्तूपासून. आणि आठवडाभर तीच.

दहा वस्तू मांडल्या की आपण मांडामांडीत अडकतो आणि बघायचं राहून जातं. एक किसणी घ्या. पहिल्या दिवशी ती किसणीच दिसेल. तिसऱ्या दिवशी तिच्या भोकांतून भिंतीवर पडणारे उजेडाचे ठिपके दिसतील. पाचव्या दिवशी लक्षात येईल की प्रत्येक भोकाची कड एका बाजूला उचललेली आहे आणि तिरप्या उजेडात ती कड चमकते. हे सगळं पहिल्या दिवशीही तिथेच होतं.

वस्तू निवडताना ती उजेडाशी काय करते ते बघा. काच उजेड आरपार सोडते आणि वाकवते. स्टीलचा चमचा आख्खी खोली पोटात घेतो, त्यात तुम्हीही दिसता. चुरगळलेला कागद प्रत्येक घडीवर वेगळी छटा धरतो. काळं मखमली कापड उजेड गिळतं. गाळणी, चिमटा, कपड्यांची क्लिप, सुतळीचा गुंडा, रिकामी बाटली, कांद्याची सालं, नरसाळं : यांतलं एक घ्या आणि सुरू करा.

नरसाळ्यावरून आठवलं. १९३० मध्ये एडवर्ड वेस्टन ढोबळ्या मिरच्यांचे फोटो काढत होते. त्यातल्या सर्वांत गाजलेल्या फोटोसाठी त्यांनी मिरची पत्र्याच्या नरसाळ्याच्या तोंडात ठेवली. नरसाळ्याच्या आतल्या पत्र्यावरून उजेड सगळीकडून मिरचीवर परतला आणि तिची वळणं एखाद्या पिळदार शरीरासारखी उठून आली. पार्श्वभूमी होणं आणि उजेड परतवणं ही दोन्ही कामं एका नरसाळ्याने केली.

घरात चांगला उजेड नाही. दिवे विकत घ्यायला हवेत का?

नकोत. खिडकी असेल तर निदान पहिलं वर्ष तरी नकोत.

एक प्रयोग करून बघा, वाचून सोडू नका. एक पांढरं अंडं, एक पांढरा जाड कागद आणि एक टेबल घ्या. टेबल खिडकीला असं लावा की उजेड डाव्या किंवा उजव्या बाजूने येईल. थेट ऊन नको. कागदाची मागची बाजू भिंतीवर थोडी चढवून चिकटवा, म्हणजे मागे घडीची रेघ दिसणार नाही. आता अंडं ठेवा, खोलीतले सगळे दिवे बंद करा आणि नुसतं बघा.

खिडकीकडची बाजू उजळ असेल. तिथून उजेड हळूहळू उतरत जाईल आणि एका पट्ट्यात अंडं सर्वांत गडद होईल. पण तो पट्टा पलीकडच्या कडेवर नसतो. कडेच्या थोडा अलीकडे असतो. कडेजवळ अंडं पुन्हा किंचित उजळतं, कारण खालच्या पांढऱ्या कागदावरून उजेड परत वर येतो. चित्रकार शेकडो वर्षं हाच परतलेला उजेड रंगवत आले आहेत.

आता खिडकीच्या विरुद्ध बाजूला एक पांढरा पुठ्ठा उभा धरा. सावलीची बाजू उघडते, अंडं मऊ दिसतं. पुठ्ठा जवळ आणा, लांब न्या. मग त्याच जागी काळा पुठ्ठा धरा. सावली एकदम गडद होते आणि अंड्याला वजन येतं. वस्तू तीच, खिडकी तीच, आणि दोन वेगळे फोटो. हा फरक डोळ्याने दिसायला लागला की घरातली कुठलीही जागा तुम्हाला काम करायला पुरेल.

अंतराचंही बघा. वस्तू खिडकीच्या अगदी जवळ असली की तिच्या मानाने खिडकी खूप मोठी असते, म्हणून सावलीच्या कडा मऊ पडतात. वस्तू खोलीत आत नेली की तिच्या दृष्टीने खिडकी लहान होते, उजेड कमी होतो आणि सावलीची कड जास्त स्पष्ट होते. खिडकीतून थेट ऊन येत असेल तर तिथे ट्रेसिंग पेपर, बटर पेपर किंवा पातळ पांढरी चादर लावा. मग उन्हाऐवजी ती चादरच उजेड देऊ लागते. छोट्या बल्बाने काम करत असाल तर ध्यानात ठेवा, अंतर दुप्पट केलं की उजेड चौथाईवर येतो.

प्रागमधले योसेफ सुदेक पहिल्या महायुद्धात उजवा हात गमावून परतले. १९४० ते १९५४ या काळात त्यांनी आपल्या छोट्या स्टुडिओच्या खिडकीचे फोटो पुन्हा पुन्हा काढले : धुकं साचलेली काच, काचेवरचे थेंब, कठड्यावर ठेवलेला पाण्याचा पेला. चौदा वर्षं एक खिडकी. आपल्या घरात काही नाही असं वाटलं की मी ते फोटो काढून बघते.

थेट ऊन वाईटच का?

मुळीच नाही. सावली हाच विषय असेल तर थेट ऊनच हवं. दुपारी साडेचारचं तिरपं ऊन, एक काचेचा पेला आणि पांढरा कागद एवढं पुरतं. पेल्यातल्या पाण्याने उजेड एकवटून कागदावर ज्या चमकत्या रेषा पडतात, त्या कुंचल्याने काढता येणार नाहीत. सावलीला पेन्सिलने गिरवून तिचं चित्रही करता येतं. पण हात जलद चालवा, सावली सरकते. पाण्याने भरलेला गोल पेला किंवा भिंग उन्हात तसंच सोडून जाऊ नका. एकवटलेल्या उन्हाने कागद पेटू शकतो.

चांगला कॅमेरा हवा का?

मोबाईल पुरेसा आहे, पण त्याच्या सवयी ओळखाव्या लागतात.

भिंग आधी पुसा. बोटांच्या तेलकट डागांमुळे फोटो धुरकट येतो आणि आपण उजेडाला दोष देतो. मग स्क्रीनवर वस्तूवर बोट दाबून धरा, म्हणजे फोकस आणि उजेडाचं मोजमाप तिथे बांधलं जातं. मोबाईल फार जवळ नेऊ नका. मुख्य भिंग रुंद दृश्य पकडतं, त्यामुळे जवळून काढलेल्या वाटीचा पुढचा काठ फुगतो. दोन पावलं मागे या आणि दोन पट झूमचं भिंग असेल तर ते वापरा. अंधुक उजेडात मोबाईल पुस्तकांच्या थप्पीला टेकवा आणि तीन सेकंदांचा टायमर लावा. बटण दाबतानाचा हादरा टळतो.

पांढरी वस्तू पांढऱ्या कागदावर ठेवली की फोटो राखाडी येतो, ही तक्रार सगळ्यांचीच असते. कॅमेरा समोरचं दृश्य सरासरी मधल्या राखाडी छटेचं आहे असं धरून चालतो, म्हणून तो पांढरं खाली ओढतो. उजेडाची पट्टी थोडी वर सरकवा. काळ्या वस्तूसाठी उलट करा.

खोलीतला पिवळा बल्ब आणि खिडकीतला दिवसाचा उजेड एकत्र वापरू नका. उजेड किती पिवळा किंवा निळा आहे ते केल्विनमध्ये मोजतात. पिवळसर बल्ब साधारण २७०० केल्विनचा असतो, दुपारचा उजेड ५५०० केल्विनच्या आसपास. वस्तूची एक बाजू नारिंगी आणि दुसरी निळी पडते आणि नंतर कितीही दुरुस्ती केली तरी दोन्ही बाजू एकदम बऱ्या होत नाहीत. निळं-नारिंगी मुद्दाम हवं असेल तर गोष्ट वेगळी.

पाणी, तेल, प्लॅस्टिक यांचं काही करता येतं का?

खूप. माझे दोन आवडते प्रयोग सांगते.

पहिला. काचेचं सपाट भांडं घ्या आणि दोन्ही बाजूंना पुस्तकांच्या थप्प्या लावून ते टेबलापासून वीतभर उंच ठेवा. खाली टेबलावर रंगीत कागद, कापडाचा तुकडा किंवा स्वतः रंगवलेलं काहीही पसरा. भांड्यात पाणी ओता, त्यावर खायच्या तेलाचे थेंब सोडा. फोटो बरोबर वरून घ्या आणि फोकस थेंबांवर ठेवा. खालचा कागद धूसर होतो आणि प्रत्येक थेंब छोट्या भिंगासारखा त्या रंगांचं स्वतःचं चित्र धरतो. साबणाचा एक थेंब टाकलात तर तेलाच्या चकत्या फुटून पळतात. तेव्हा सलग फोटो घेत राहा.

दुसरा प्रयोग पहिल्यांदा केला तेव्हा मी अवाक झाले होते. लॅपटॉपच्या एलसीडी पडद्यावर पूर्ण पांढरं पान उघडा. पारदर्शक प्लॅस्टिकचा चमचा, पट्टी किंवा सीडीची जुनी डबी त्यासमोर धरा. आता कॅमेऱ्याच्या भिंगापुढे पोलराइज्ड गॉगलची काच धरून हळूहळू फिरवा. एका कोनात पडदा काळा होतो आणि प्लॅस्टिकमध्ये इंद्रधनुष्याचे पट्टे उमटतात. साच्यात ओतून थंड होताना प्लॅस्टिकमध्ये जो ताण अडकून राहिला, त्याचे ते रंग. पडद्यातून येणारा प्रकाश एकाच दिशेत कंप पावणारा असतो. ताण असलेलं प्लॅस्टिक ती दिशा प्रत्येक रंगासाठी वेगळी वळवतं आणि गॉगल त्यातले काही रंग अडवतो. चिकटपट्टीचे एकावर एक तुकडे काचेवर लावून तुम्ही हे रंग ठरवूनही आणू शकता. प्रत्येक थर रंग बदलतो. मग ते थेट कोलाजच, म्हणजे तुकडे चिकटवून केलेलं चित्रच, झालं.

कॅमेऱ्याशिवाय फोटो काढता येतो म्हणतात, ते कसं?

येतो, आणि मला तो सर्वांत जिव्हाळ्याचा भाग वाटतो. फोटो म्हणजे प्रकाशाने पृष्ठभागावर केलेली खूण. भिंग हवंच असं नाही.

विल्यम हेन्री फॉक्स टॅलबट यांनी १८३० च्या दशकात मीठ आणि सिल्व्हर नायट्रेट लावलेल्या कागदावर पानं आणि लेस ठेवून उन्हात त्यांच्या आकृत्या मिळवल्या. १८४२ मध्ये जॉन हर्शेल यांनी निळ्या छपाईची सायनोटाइप पद्धत शोधली आणि त्याच सुमारास फुलांच्या रसाने माखलेले कागद उन्हात ठेवून त्यांचे रंग कसे उडतात ते तपासलं. पुढच्याच वर्षी ॲना ॲटकिन्स यांनी समुद्री शेवाळं थेट सायनोटाइपच्या कागदावर ठेवून आपल्या पुस्तकाचे भाग छापायला सुरुवात केली. फोटोंनी सजलेलं पहिलं पुस्तक म्हणून ते ओळखलं जातं. त्यात कॅमेरा नाही. पांढऱ्या आकृत्या, निळी जमीन आणि शेवाळाचा प्रत्येक तंतू.

घरी सर्वांत सोपी ती रसाची पद्धत. तिला अँथोटाइप म्हणतात. हळदीपासून सुरुवात करा, कारण हळद लवकर निकाल देते. अर्धा कप सर्जिकल स्पिरिटमध्ये दोन मोठे चमचे हळद ढवळा, थोडा वेळ ठेवून फडक्यातून गाळा. हे काम खिडकी उघडी ठेवून आणि गॅस, मेणबत्ती यांपासून लांब करा. स्पिरिट चटकन पेटतं. हा पिवळा द्रव रुंद ब्रशने जाड कागदावर लावा आणि अंधाऱ्या जागी वाळवा. वाळलेल्या कागदावर चपटं पान, पीस किंवा लेसचा तुकडा ठेवा, वर काच ठेवून चिमटे लावा आणि कडक उन्हात ठेवा. दोन-तीन तासांत उघडी बाजू फिकी पडते. पान काढा आणि कागद खाण्याच्या सोड्याच्या किंवा बोरॅक्सच्या पाण्यात बुडवा. पानाखाली पिवळी राहिलेली हळद बघता बघता तांबडी-तपकिरी होते, शिरांसकट. हळद अल्कलीत तांबडी होते, हे आपल्याला साबण लावलेल्या हळदीच्या डागावरून माहीत असतंच. तोच गुण इथे कामाला येतो. बीट किंवा पालकाचा रस वापरलात तर ऊन काही दिवस द्यावं लागतं.

पान उचलण्याची घाई आवरा. मध्येच उचलून पुन्हा ठेवलं तर ते केसभर सरकतं आणि दुहेरी कड येते. कागदाच्या एका कोपऱ्यात नाणं ठेवा आणि रंग किती उडाला ते तेवढंच नाणं उचलून तपासा.

अँथोटाइप कायमचा टिकवता येत नाही. ज्या उजेडाने तो घडवला तोच त्याला पुसत राहतो. लगेच स्कॅन करा आणि मूळ प्रत वहीत बंद ठेवा.

सायनोटाइप टिकतो. त्याला फेरिक अमोनियम सायट्रेट आणि पोटॅशियम फेरिसायनाइड ही दोन रसायनं लागतात; ती लावलेला तयार कागदही मिळतो. उन्हात ठेवायचं, मग साध्या पाण्यात धुवायचं, पिवळेपणा निघून जाईपर्यंत. हातमोजे घाला, स्वयंपाकाची भांडी वापरू नका आणि फेरिसायनाइडजवळ तीव्र आम्ल कधीही आणू नका, विषारी वायू निघू शकतो.

अख्खी खोलीच कॅमेरा करता येते का?

हो. ११ व्या शतकात इब्न अल-हैथम यांनी अंधाऱ्या खोलीत छिद्रातून येणाऱ्या प्रकाशाचा अभ्यास मांडला होता. अबेलार्दो मोरेल १९९१ पासून खोल्या अंधाऱ्या करून, भिंतींवर आणि पलंगांवर उलटं पडलेलं बाहेरचं दृश्य फोटोत पकडत आले आहेत.

खिडकी काळ्या प्लॅस्टिकने किंवा पुठ्ठ्याने पूर्ण बंद करा. फटीही. मध्ये साधारण एक-दीड सेंटीमीटरचं गोल भोक पाडा. बाहेर लख्ख ऊन हवं. आत थांबा, डोळ्यांना अंधार सरावायला पाच-दहा मिनिटं द्या. समोरच्या भिंतीवर रस्ता, झाडं, आकाश उलटं उतरलेलं दिसेल. आकाश जमिनीशी आणि जमीन छताशी. भोक लहान केलं तर चित्र रेखीव पण अंधुक होतं, मोठं केलं तर उजळ पण धूसर.

एक युक्ती. भोकावर +१ नंबरच्या वाचायच्या चष्म्याची काच लावा आणि तिच्यापासून सुमारे एक मीटरवर पांढरी चादर धरा. चित्र एकदम स्पष्ट आणि उजळ होतं. +२ ची काच असेल तर अर्धा मीटर. फोटोसाठी मोबाईल स्थिर ठेवून दहा ते तीस सेकंदांचं एक्सपोजर द्या, म्हणजे कॅमेरा तेवढा वेळ उजेड आत घेत राहील. चादरीऐवजी पांढरा शर्ट घालून कुणीतरी उभं राहिलं तर रस्ता त्याच्या छातीवरून वाहतो.

प्रिंट कापून कोलाज करताना कागदाला सुरकुत्या येतात. काय करू?

गोंदातलं पाणी कागद फुगवतं, म्हणून त्या येतात. पांढरा गोंद कमी घ्या, जुन्या प्लॅस्टिक कार्डाने पातळ पसरवा, मधून कडेकडे दाबत या. वर बटर पेपर ठेवून जड पुस्तकांखाली रात्रभर राहू द्या. पातळ पुठ्ठा एका बाजूने चिकटवून वाकत असेल तर मागेही तसाच कागद चिकटवा. दोन्हीकडची ओढ सारखी होते. पिठाची खळही छान चालते, पण ती कसरीला आवडते.

इंकजेट प्रिंटची शाई ओल्या गोंदाने पसरते. लेझर प्रिंट किंवा झेरॉक्स पसरत नाही, कारण ती प्लॅस्टिकची भुकटी कागदावर वितळवलेली असते. यामुळेच लेझर प्रिंटचा ठसा लाकडावर किंवा कापडावर उतरवता येतो. पृष्ठभागाला ॲक्रिलिक जेल मीडियम (ॲक्रिलिक रंगात मिसळायचा घट्ट, चिकट लेप) लावा, प्रिंट पालथा दाबा, रात्रभर वाळू द्या. मग पाठ ओली करून बोटाने कागदाचा लगदा चोळून काढा. हलक्या हाताने, दोन-तीन फेऱ्यांत. चित्र आरशातल्यासारखं उलटं येतं, त्यामुळे अक्षरं असतील तर प्रिंट काढण्याआधीच चित्र उलटवून घ्या.

माझं मत असं की कोलाजमध्ये कात्रीपेक्षा फाडणं जास्त बोलतं. फाडलेल्या कडेला कागदाची पांढरी आतली बाजू दिसते, आणि हे छापलेलं चित्र होतं, याची आठवण राहते. १९१२ मध्ये ब्राक आणि पिकासो या चित्रकारांनी वर्तमानपत्राचे आणि वॉलपेपरचे तुकडे चित्रात चिकटवले, नंतर कुर्ट श्विटर्स यांनी ट्रामची तिकिटं आणि वेष्टणं गोळा केली. या सगळ्यांनी कागदाला कागद राहू दिलं.

वर्तमानपत्राचे तुकडे पिवळे पडतात. टाळता येईल?

स्वस्त कागदात लाकडातलं लिग्निन नावाचं द्रव्य राहिलेलं असतं. उजेड आणि हवेने ते पिवळं पडतं. मजकूर महत्त्वाचा असेल तर चांगल्या, आम्लमुक्त कागदावर त्याची प्रत काढून ती चिकटवा. पिवळेपणा चालणार असेल तर मूळ तुकडाच वापरा, पण भिंतीवर लावताना ऊन पडणारी जागा टाळा.

छोट्या वस्तूंतून मोठं जग कसं दाखवायचं?

कॅमेरा खाली आणा. टेबलाच्या पातळीवर. आपण वस्तूंकडे कायम वरून बघतो, म्हणून त्या छोट्या वाटतात. तात्सुया तानाका २०११ पासून रोज एक चिमुकलं दृश्य मांडून त्याचा फोटो काढत आले आहेत. त्यांच्याकडे ब्रोकोलीचं झाड होतं आणि शेजारी बोटभरही उंची नसलेली माणसं. माणसाची आकृती नसेल तर काडेपेटीतली काडीही माप दाखवते.

हलतं चित्र करायचं असेल तर सेकंदाला १२ फोटो धरा. दहा सेकंदांना १२० होतात. मोबाईल टेबलाला चिकटपट्टीने बांधा आणि पडदे ओढून दिव्यावर काम करा. ढगाआडून ऊन आलं-गेलं की चित्र लुकलुकतं.

चित्र काढलं, पण फोटोत ते वाकडं आणि निस्तेज दिसतं.

चित्र भिंतीवर सरळ लावा आणि मोबाईल चित्राच्या मध्याच्या उंचीवर, चित्राला समांतर धरा. मागे सरकून थोडं झूम करा, कडेने जागा सोडा. उजेड सौम्य असावा. दिवे वापरलेत तर दोन सारखे, दोन्ही बाजूंनी ४५ अंशांत. चित्राशेजारी एक पांढरा कागद ठेवून पहिला फोटो घ्या, म्हणजे नंतर रंग जुळवता येतात. काचेची फ्रेम असेल तर काढाच.

इंटरनेटवर सापडलेला फोटो कोलाजमध्ये वापरू का?

घरात स्वतःपुरतं करून बघायला कुणी अडवणार नाही, पण ते दाखवायचं किंवा विकायचं असेल तर परवानगी लागते. सापडला म्हणजे मोकळा असं होत नाही, आणि कापून बदलला की आपला झाला असंही नेहमी होत नाही. कायदा देशागणिक वेगळा आहे. मोकळ्या चित्रांचे मोठे साठे आहेत. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमने २०१७ मध्ये हक्कमुक्त कलाकृतींच्या लाखो प्रतिमा कुणालाही वापरायला खुल्या केल्या. तरीही माझा आग्रह स्वतःचे फोटो कापण्याचा आहे. स्वतः काढलेला फोटो कापताना हात थांबतो, आणि त्या थांबण्यातून निवड चांगली होते.

प्रिंट किती मोठी काढता येईल?

हातात धरून बघायच्या प्रिंटला इंचाला ३०० पिक्सेल धरा. ए-४ कागदाला २४८० × ३५०८ म्हणजे सुमारे ८७ लाख पिक्सेल लागतात. आजचा साधा मोबाईलही तेवढं देतो. मात्र फोटो मूळ फाइलमधून छापा. मेसेजमधून पाठवलेली प्रत बहुतेक वेळा लहान केलेली असते.

लहान मुलांना सोबत घेता येईल?

जरूर. पानांचे ठसे, तेलाचे थेंब, सावल्या गिरवणं, अंधारी खोली हे त्यांना द्या. ब्लेड, स्पिरिट आणि रसायनं तुमच्याकडे ठेवा. आणि एखादा दिवस मोबाईल त्यांच्या हातात द्या. त्यांची नजर टेबलाच्या काठाशी असते, म्हणून खुर्चीच्या खालचा उजेड त्यांना आपल्याआधी दिसतो.

काही दिवसांनी सुचणं थांबतं. मग?

मग वस्तू बदलू नका, एक अट बदला. तीच किसणी, पण फक्त काळ्या कागदावर. तीच किसणी, पण तिचा एकही भाग फोटोत नको, फक्त सावली. तीच किसणी, पण पहाटे. जॅन ग्रूव्हर यांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीस आपल्या स्वयंपाकघराच्या सिंकमधले काटे, चमचे आणि साचे जवळून टिपले. तेच सामान, तीच जागा, आणि प्रत्येक फोटोत धातूवर वेगळा रंग उतरलेला. एका आठवड्याचे सगळे फोटो छोटे छापून जमिनीवर पसरा आणि दोन-दोन शेजारी ठेवून बघा. स्क्रीनवर एकेक सरकवताना न दिसलेल्या जोड्या तिथे सापडतात. चुकलेले समजून पुसणार होतात, तेही यात ठेवा. माझ्या टेबलासमोर आज जो फोटो लावलेला आहे, त्यात हात हलल्यामुळे पेल्याच्या दोन कडा आल्या आहेत.